तालमीच्या घड्याळावर कोल्हापूर

अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा आणि एक चपलांचा जोड. कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुतेक वेळा एवढं दोन दिवसांत उरकतो आणि परतीच्या गाडीत बसतो. यात वावगं काही नाही, अंबाबाईच्या दारावरून गेल्याशिवाय कोल्हापूरकराचाही दिवस सरत नाही. पण या गावाचं रोजचं जगणं ज्या खुंटीला टांगलेलं आहे, ती खुंटी या यादीत येत नाही. ती खुंटी म्हणजे पेठेतली तालीम. इथलं दूध, मटण, फुटबॉल, गणपती, मोहरम, अगदी पाण्यासाठीचा मोर्चासुद्धा तालमीच्या कट्ट्याला वळसा घालूनच पुढे जातो. म्हणून गावाबाहेरच्या माणसाला शहर दाखवायचं झालं, की आम्ही ते तालमीच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो. काय कधी बघायचं, कुठे घाई केली की फसतं, याचा अनेक खेपांनंतर बसलेला हा क्रम आहे.

तीन दिवस तरी हवेत, आणि त्यातली पहिली सकाळ गेली असंच धरून चालावं. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलेला माणूस सातच्या पुढे स्टेशनावर उतरतो. तोवर तालमीतली पहाट संपलेली असते, पैलवान अंगाची माती धुऊन खुराकाला लागलेले असतात. त्या सकाळी तालमीकडे फिरकूच नये. स्टेशनाजवळची खोली सोयीची वाटते, पण पहाटे साडेचारला तिथून रिक्षा शोधत बसावं लागतं. भवानी मंडप, मिरजकर तिकटी किंवा गंगावेश यांच्या आसपास उतरलं, की या लेखातलं बहुतेक सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत येतं.

पहिल्या सकाळी मिसळ खाऊन घ्यावी. मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि वेगळ्या भांड्यात कट. पुण्यात सॅम्पल मागतात, नागपुरात तर्री, इथे कट. पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. नवखा माणूस आलेला सगळा कट एकदम ओततो, मग शेवेचा लगदा होतो आणि दुसऱ्या घासापासून नुसता तिखट चिखल खावा लागतो. कट थोडा थोडा घ्यावा, संपला की मागावा. शिवाय मिसळ हे सकाळचं खाणं आहे. बारानंतर गेलं तर पातेल्याच्या तळाचा आटलेला, खारट कट वाट्याला येतो, आणि मग लोक म्हणतात, एवढं काय त्या मिसळीत.

संध्याकाळी तालमीत जावं, पण फक्त विचारायला. इथे एक फरक आधी समजून घ्यायला हवा. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या निवासी तालमी आहेत. खेड्यापाड्यांतली पोरं तिथे राहून कुस्ती करतात. त्यांच्याशिवाय प्रत्येक पेठेची आपापली तालीम असते, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी आता हौदाच, म्हणजे कुस्तीची मातीची जागाच, नाही. खाली व्यायामशाळा, वर मंडळाची खोली, भिंतीला कॅरमबोर्ड टेकवलेला. तरीही तिला तालीमच म्हणतात आणि तिचा शब्द पेठेत तालमीचाच असतो. माती बघायची असेल तर पहिल्या प्रकारच्या तालमीत जायचं, पेठ समजून घ्यायची असेल तर दुसऱ्या. हा घोळ झाला की माणूस कॅरमबोर्डासमोर उभा राहून हौदा कुठाय म्हणून विचारतो.

विचारताना फार प्रस्तावना लागत नाही. ‘रामराम वस्ताद. उद्या पहाटे कडेला बसून बघायचं होतं.’ एवढं पुरतं. वस्ताद नसतील तर एखादा वयाने मोठा पैलवान उत्तर देतो. फोटो काढायचे असतील तर ते त्याच वेळी सांगावं, पहाटे लढत चालू असताना मोबाईल बाहेर काढून विचारू नये. बाईमाणूस बरोबर असेल तर तेही आदल्या दिवशीच सांगावं. हौद्यात बाईने उतरू नये ही जुनी रीत अनेक तालमींत अजून पाळतात, काही ठिकाणी कडेला बसून बघायला हरकत नसते, काही ठिकाणी असते. ही रीत पटो न पटो, दारात ऐन वेळी वाद घातला तर पुढचं काहीच बघायला मिळत नाही.

पहाटे पाचच्या आत पोचावं. चपला दाराबाहेर. आत शिरताच मारुती, त्याला हात जोडून मग उजवी-डावीकडे बघायचं. पहिला अर्धा तास कुस्ती दिसत नाही, दिसते ती मातीची मशागत, आणि आमच्या मते सगळ्यात मन लावून बघावं ते हेच. हौद्यातली माती म्हणजे नुसती शेतातली माती नव्हे. तांबडी माती चाळणीतून काढून खडा न खडा वेचलेला असतो. तिच्यात ताक, लिंबू, हळद, गोडेतेल, काव आणि कापूर मुरवतात. तेल-ताकाने ती मऊ राहते, धूळ होत नाही. हळद, लिंबू आणि कापूर कातडीला त्रास होऊ नये म्हणून. रोज लढतीआधी पैलवान फावड्याने हौदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खणून काढतात, कारण आदल्या दिवशीच्या पायांनी आणि पाठींनी माती घट्ट दाबली गेलेली असते. हे खणणं हीसुद्धा मेहनतच, दंड आणि खांदे त्यानेच तापतात. खणून झालं की माती सारखी करून पाणी शिंपडतात.

पाणी किती, हे डोळ्यांनी ठरत नाही. मूठभर माती हातात घेऊन दाबतात. मुठीचा आकार राहिला आणि अंगठ्याने टिचकी मारताच ढेकूळ फुटलं, की माती लढायला झाली. मुठीतच भुगा झाला तर ती कोरडी असते, तीत गुडघे-कोपर सोलवटतात आणि नाकात धूळ जाते. बोटांना चिकटून राहिली तर ओली, मग पाय घसरतो आणि पकड निसटते. पावसाळ्यात हवेतली ओल वाढली की पाणी हात राखून मारतात. एप्रिल-मेमध्ये दोनदा शिंपडावं लागतं. एखाद्या पैलवानाला ‘माती कशी आहे आज?’ असं विचारावं. तो मूठ उघडून दाखवतो, आणि पाहुणा म्हणून गेलेला माणूस तिथे पहिल्यांदा बोलण्यात ओढला जातो.

मग लढत. खांद्यावर माती टाकून सलामी, शड्डू, आणि खडाखडी सुरू. पहिले काही दिवस डाव ओळखू येत नाहीत. एकच ठरवून बघावा. घिस्सा डोळ्यांत बसला की मग ढाक, एकलंगी, लपेट आपोआप वेगळे दिसायला लागतात. वस्ताद कडेला बसून एखादाच शब्द टाकतात, तो कान देऊन ऐकावा, कारण पकड कुठे सैल झाली ते त्या शब्दात असतं. एक गोष्ट हिंदी मुलखातून आलेल्यांना गोंधळात टाकते. तिकडच्या आखाड्यात जोर म्हणजे मातीतली लढत, आपल्याकडे जोर म्हणजे हातांवर भार घेऊन काढायचा व्यायाम, ज्याला ते दंड म्हणतात. ‘संध्याकाळी जोर काढतात’ असं ऐकून संध्याकाळी कुस्ती बघायला गेलं तर जोर-बैठकांच्या रांगा दिसतात. बहुतेक ठिकाणी लढत पहाटे आणि जोर-बैठका दुपारनंतर असाच शिरस्ता आहे. हौद्याशेजारी आता गादीही असते. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन्ही विभाग असल्यामुळे पोरांना दोन्हींवर तयार व्हावं लागतं.

निघण्याआधी भिंती वाचाव्यात. तालमीच्या भिंतीवरचे फोटो हा पेठेचा इतिहासच असतो, आणि तो कुठल्या संग्रहालयात मिळायचा नाही. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्यामागून झालेले गणपत आंदळकर, १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव. अशी नावं एखाद्या फ्रेममध्ये, आणि शेजारीच पेठेबाहेर कुणी ऐकलं नसेल अशा पैलवानाचा फोटो, तेवढाच मोठा, तेवढाच हार घातलेला. तो कोण म्हणून विचारलं की सांगणाऱ्याचा आवाज बदलतो.

कुस्ती इथे एवढी का रुजली, याचं उत्तर भवानी मंडपापासून पाच-सात मिनिटांवर आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोममधलं प्राचीन क्रीडांगण त्यांनी पाहिलं, आणि १९०७ साली काम सुरू होऊन १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. हौदा मधोमध आणि बसायच्या जागा चहूबाजूंनी चढत गेलेल्या. दार उघडं असेल तर रिकाम्या मैदानात जाऊन सगळ्यात मागे बसावं. पुढच्याचं डोकं कुठेही आड येत नाही. सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही कुस्तीचा निकाल डोळ्यांनी दिसला पाहिजे, हा विचार त्या उतारात मापून घातलेला आहे.

पैलवानाचं अर्धं बळ खुराकात. रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडा यांच्याबरोबर घोटले जातात, वर दूध आणि खडीसाखर. ही थंडाई. आणि दूध म्हटलं की गंगावेशीचा दूध कट्टा. गंगावेश तालीम आणि कट्टा एकाच टापूत आहेत, हा योगायोग नाही.

कट्ट्यावर सकाळी आणि संध्याकाळनंतर गवळी म्हशी घेऊन उभे असतात. गिऱ्हाईकाने माप सांगायचं, गवळी तिथेच बसून धार काढतो, चरवीतलं दूध फेसासकट ग्लासात. पाहुणा बघत असतो तो ग्लास. बघावी ती म्हैस. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली. गर्दीत, दिव्यांच्या उजेडात, गाड्यांच्या हॉर्नमध्ये ही म्हैस पान्हा सोडते, हेच तिचं वैशिष्ट्य. दुसरी एखादी जात आचळाला ओळखीचा हात आणि शांत गोठा असल्याशिवाय दूध उतरवत नाही. शिवाय गवळी सगळं दूध एकदम काढत नाही. एका गिऱ्हाइकापुरतं काढलं की थांबतो, दुसरं आलं की पुन्हा बसतो. म्हशीला ही सवय लावावी लागते, आणि ती लावलेली म्हैस गवळी सहसा विकत नाही.

पिण्याबाबत स्पष्ट सांगतो. हे न तापवलेलं दूध आहे. पेठेतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पीत आली असली, तरी बाहेरून आलेल्या माणसाने, त्यातही गरोदर बाईने, लहान मुलाने किंवा पोट नाजूक असणाऱ्याने ते उभ्या उभ्या पिऊ नये. किटली न्यावी, अर्धा लिटर घ्यावं, उतरल्या ठिकाणी तापवून प्यावं. चवीत कमी काही होत नाही, साय मात्र बोटभर येते. ग्लास घेऊन लगेच निघून गेलं तर कट्टा हाती लागत नाही. तिथे पाऊण तास उभं राहावं. पैलवान येतात, डबा घेऊन म्हातारी येते, कामावरून सुटलेली माणसं येतात, आणि कुणाच्या म्हशीचं वेत कितवं, कुठल्या पेठेने काल मॅच मारली, महापालिकेने कुठला रस्ता उकरलाय, हे सगळं तिथेच कळतं. दिवाळीच्या पाडव्याला हेच गवळी म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं आणि कवड्यांचे पट्टे घालून बाहेर काढतात, मोटरसायकलमागून पळवतात. गवळ्याच्या हाकेवर म्हैस गर्दीतून धावत येते तेव्हा कळतं, की कट्ट्यावर ती एवढी निवांत का उभी राहते.

इथवर सगळं पुरुषांचं झालं. कोल्हापूरचं दुसरं अर्धं बघायचं तर मार्च ते मे या दिवसांत डंकावर, म्हणजे मिरची कुटून देतात तिथे, जावं. चटणी इथे पानातली डावी बाजू नव्हे. चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं लाल तिखट, तांबड्या रश्शापासून आमटीपर्यंत सगळ्यात पडणारं. पाकिटातला मसाला घरात आलेला सासूला अजूनही रुचत नाही.

एक किलो मिरचीला साधारण माप असं: रंगासाठी अर्धा किलो ब्याडगी, तिखटपणासाठी अर्धा किलो जवारी किंवा संकेश्वरी. एक किलो कांदा, पाव किलो लसूण, अर्धा किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, सव्वाशे ग्रॅम तीळ, पन्नास-पन्नास ग्रॅम जिरं आणि खसखस, शंभर ग्रॅम आलं, कोथिंबिरीची एक जुडी, पाव किलोच्या पुढे खडे मीठ, आणि लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल, तमालपत्र यांचा गरम मसाला घराच्या हाताप्रमाणे. मिरचीला दोन-तीन कडक उन्हं द्यायची, डेखं काढायची. हातात मोडली की टच्‌कन आवाज आला पाहिजे. कांदा उभा चिरून उन्हात सुकवून मग तेलात कडक तळायचा. चटणी बिघडते ती निम्म्या वेळा कांद्यामुळेच. तो मऊ राहिला तर त्याचं पाणी चटणीत उतरतं आणि पावसाळ्यात बरणीच्या कडेला बुरशी धरते. बाकीची निम्मी मिठामुळे. तब्येतीसाठी म्हणून मीठ कमी घातलं की आषाढाच्या आत जाळी लागते.

डंकावर लोखंडी मुसळं पट्ट्यावर एकामागून एक वरखाली होत असतात. गिरणीत मिरची दळली की तापते, रंग काळवंडतो आणि वास उडतो. डंकात ती कुटली जाते, म्हणून तेल सुटतं पण करपत नाही. आधी मिरची आणि मीठ, मग भाजलेला कोरडा मसाला, शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. क्रम उलटा केला तर ओलसर गोळा मुसळाला चिकटून बसतो आणि मिरची आख्खीच राहते. चाळून राहिलेला चोथा पुन्हा मुसळाखाली. घरी आणून बरणीत भरताना तळाला आणि वर हिंगाचा खडा, दाबून भरायची, आणि आठ दिवस तरी मुरू द्यायची.

आपला नंबर यायला दोन तास लागतात. त्या दोन तासांसाठीच जायचं. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, ठसका, आणि त्यातून चाललेलं बोलणं. ‘मी येतो गं, डबा ठेव माझा तिथंच,’ असं एक बाई दुसरीला म्हणते तेव्हा पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं काहीतरी चुकून ऐकलं. चुकलेलं नाही. इथल्या बायका ‘मी येतो, मी गेलो’ असंच बोलतात. कुणाच्या मापात किती लसूण, कुणाच्या सुनेने तीळ करपवले, यंदा गडहिंग्लजच्या बाजारात मिरची काय भावाने गेली, हे ऐकता ऐकता घराघरांतले रस्से वेगळे का लागतात ते कळतं. हातात रिकामी पिशवी घेऊन उभं राहू नये, निदान अर्धा किलो मिरची तरी घेऊन जावं. मापाला हात लागला की चार बायका आपणहून सांगायला लागतात, ‘एवढं धणं नगं, कडू लागंल.’

चटणी कळली की खानावळीतला तांबडा रस्सा वेगळा लागतो. दोन्ही रश्श्यांचं मूळ एकच, मटण शिजवलेलं अळणी पाणी. त्यात चटणी पडली की तांबडा, नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि काजू पडले की पांढरा. पांढरा आधी, गरम असतानाच प्यावा, थांबला की नारळाचं दूध फुटल्यासारखं दिसतं. लालभडक तेलाचा थर म्हणजे कोल्हापुरी ही बाहेरच्या हॉटेलांनी पसरवलेली समजूत आहे. घरचा तांबडा झणझणीत असतो, पण पहिल्यांदा लागतो तो मटणाचा गोडवा. मटणाबद्दल कोल्हापूरकर किती गंभीर आहे ते २०१९ च्या अखेरीस दिसलं. भाव वाढले तेव्हा पेठापेठांतून कृती समित्या उभ्या राहिल्या, बैठका तालमींतच झाल्या.

फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर एक मॅच बघावीच. संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. खेळ विलायती, झेंडा तालमीचा. आत शिरण्याआधी आपण कुठल्या पेठेच्या बाजूला बसतोय ते विचारून घ्यावं आणि मॅच संपेपर्यंत त्याच बाजूचं राहावं. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस जुनी आहे, दुसऱ्या बाजूच्या गोलला टाळी वाजली की शेजारचा वळून बघतो.

आणि जमलं तर मोहरमला यावं. पंजे, म्हणजे मोहरमची निशाणं, बसवणाऱ्या इथल्या तालमींत हिंदू घरांतली माणसं मानकरी असतात, मलिदा घरोघरी होतो, कत्तल रात्री, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, पंजांच्या भेटी बघायला पेठ जागी असते. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले, आणि बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकाच ठिकाणी बसले. मोहरमचा महिना चांद्र वर्षाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुन्हा असा मेळ पडायला बत्तीस-तेहतीस वर्षं जातात. त्याआधीचा मेळ १९८६ च्या सुमाराचा. तो पाहिलेली माणसं संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसलेली असतात. शेजारी जागा असेल तर बसावं, बोलायला सुरुवात तेच करतात.